कापलेले डाव

पोकरच्या एका टेबलावर तासाला साधारण पंचवीस-तीस डाव होतात. मोठी स्पर्धा दिवसाला दहा-दहा तास चालते आणि टेबलं अनेक असतात. प्रेक्षकाच्या वाट्याला येतो तो जाहिराती वगळून पाऊण तासाचा भाग, फार तर वीस डावांचा. बाकीचे संपादकाच्या संगणकातच राहतात. खेळांच्या कार्यक्रमांचं संपादन हा माझा पेशा. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांवर होणाऱ्या स्पर्धांचं चित्रणही माझ्या हाताखालून गेलं आहे. राहून गेलेल्या त्या डावांत बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते: खेळाडू आपली दोन पानं उचलून पाहतो आणि टाकून देतो. चांगला खेळाडू दहातले सात-आठ डाव असेच सोडतो. त्याचं कसब त्या सोडण्यात असतं, आणि कात्री पहिल्यांदा तिथंच चालते.

रिसोड तालुक्यातलं रिठद हे माझं गाव. पेरण्या आटोपल्या आणि पावसानं झड धरली की ओट्यावर मेंढीकोट रंगायचा. चौघं खेळणारे, दहा बघणारे. बघणारा हळूहळू सगळ्यांच्या पाठीमागून फिरायचा. कुणाची दश्शी कुठं अडकणार हे खेळणाऱ्यांच्या आधी त्याला कळायचं, पण भुवई जरी हलली तरी त्याला तिथून उठवत. सगळं ठाऊक असून गप्प राहण्यात जी मजा होती, ती खेळणाऱ्यालाही मिळत नसे.

टेलिव्हिजननं पोकरच्या प्रेक्षकाला नेमकी ही जागा दिली, पण फार उशिरा. लास व्हेगासची ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ १९७० साली सुरू झाली. पुढची अनेक वर्षं पडद्यावर दिसत ते फक्त चेहरे आणि चिप्सचे ढीग. खेळाडूची झाकली पानं प्रेक्षकाला दाखवण्याच्या तंत्राचं पेटंट १९९५ मध्ये हेन्री ओरेनस्टीन यांनी घेतलं. ते पोलंडमध्ये जन्मले, नाझींच्या छळछावण्यांतून वाचले आणि अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नावारूपाला आले. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर ‘लेट नाइट पोकर’ सुरू झालं. त्यात टेबलाला काच बसवून खालून कॅमेरा लावला होता.

या एका सोयीनं काय घडलं ते वर्ल्ड सिरीजच्या २००३ च्या अंतिम लढतीतला एक डाव सांगतो. ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस, समोर मुरलेला सॅम फार्हा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती, फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदाम नव्वी. टेबलावर उघडी पानं पडली: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी आणि शेवटी बदाम तिर्री. मनीमेकरला ना पाच इस्पिकं जमली, ना सलग ओळ. हातात काहीच नाही, तरी त्यानं सगळ्या चिप्स पुढं लोटल्या. नव्वीची जोडी असलेला फार्हा बराच वेळ विचार करत राहिला आणि त्यानं पानं टाकली. झाकली पानं दिसली नसती तर हे एवढंच दिसलं असतं: एक माणूस गप्प, दुसरा विचारात, डाव संपला. पानं ठाऊक असल्यामुळे फार्हाच्या विचाराचा प्रत्येक सेकंद प्रेक्षकाच्या छातीवर येतो. मनीमेकरनं पंचवीस लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते, पुढच्या वर्षी २,५७६, आणि २००६ मध्ये ८,७७३. ऑनलाइन पोकरचा त्यात मोठा हात होता, पण ही चित्रफीत पाहून आलेले कमी नव्हते.

त्या सेकंदांची लांबी आम्ही ठरवतो. पानं आधी दाखवायची की पैज लागल्यानंतर, चेहऱ्यावर किती थांबायचं, चिप्सची खुळखुळ कुठं वाढवायची, हे सगळं टाइमलाइनवर ठरतं. चिप्सच्या ढिगाची उंची दोन कटांमध्ये जुळली नाही तर जाणकार लगेच पकडतो. दुसऱ्याच डावातला घाम पुसणारा हात इथं आणून जोडणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे. मी ते करत नाही. पैसे लावून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याची नसलेली भीती चिकटवण्याचा हक्क मला कुणी दिलेला नाही.

टक्केवारीची पट्टी मला याहून जास्त छळते. एकाकडे दोन एक्के, दुसऱ्याकडे दोन राजे असले, की पडद्यावर सुमारे ८२ आणि १८ असे आकडे येतात. ते दोघांची पानं पाहून काढलेले असतात. राजे हातात असलेल्यानं जे केलं ते कोणताही शहाणा खेळाडू करेल, पण घरी बसलेल्याला तो अठरा टक्क्यांवर उडी मारणारा वेडा वाटतो. गावाकडच्या मामांना मी असाच एक भाग दाखवला होता. एका खेळाडूनं राण्यांची जोडी टाकली तेव्हा ते म्हणाले, “एवढे चांगले पत्ते फेकले काऊन बापू?” त्याच खेळाडूनं आधी तासभर काय सोसलं होतं, समोरचा कसा खेळत होता, ते मी दाखवलंच नव्हतं. प्रश्न मामांचा रास्त होता.

२०११ मध्ये वर्ल्ड सिरीजची अंतिम लढत काही मिनिटांच्या विलंबानं, जवळजवळ अखंड दाखवली गेली. पियस हाइन्झ आणि मार्टिन स्टाश्को हे शेवटचे दोघं सहा तासांहून अधिक काळ झुंजले. रटाळ म्हणणारे पुष्कळ होते. मला मात्र तिथं पहिल्यांदा खेळाचं खरं वजन दिसलं, कारण माघार मोठी की पैज मोठी हे प्रेक्षकाला स्वतः जोखता येत होतं.

आमच्या कापलेल्या भागांवर वाढलेल्या पोरांना पोकर म्हणजे छाती पुढं काढून सगळं लावणं एवढंच ठाऊक झालं. मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळणारे आमच्याही भागात वाढले. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते बरं झालं असं मी मानतो. पण त्या पोरांना खेळाचं अर्धंच चित्र दाखवणाऱ्यांत आम्हीही होतो.

म्हणून आता प्रत्येक भागात पानं टाकून देण्याचे दोन-तीन डाव मी ठेवतो, एक तरी सबंध, संगीताशिवाय. निर्माते म्हणतात, इथं चॅनल बदलेल. मी समालोचकाला तिथं बोलायला सांगतो: यानं हे का सोडलं, ते तीस सेकंदांत समजावून द्या. बहुतेकदा ते तीस सेकंद शेवटच्या कटात टिकतात.