घाटाखालची घळ

मैत्रिणींनो, शिवथरघळ म्हणजे समर्थांची, दासबोधाची जागा, हे आपल्याला ठाऊक असतं. पण भोरवरून वरंधा घाट उतरून तिथं जाणार असाल, तर आणखी एक गोष्ट मनात धरून जा.

आम्ही खडकीच्या बायका स्वारगेटला भोरची एसटी धरतो नि पुढे जीप ठरवतो. भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी लागतं. हेच जुनं रोहिडखोरं. १६६२ साली शाइस्ताखान पुण्यात लाल महालात ठाण मांडून बसला होता. मोगल या खोऱ्यावर धावून येणार, ही बातमी कळताच शिवाजीमहाराजांनी ऑक्टोबरात सर्जेराव जेधे देशमुखांना पत्र धाडलं. रयतेला लेकराबाळांसकट घाटाखाली अवघड जागी पोचवा, रात्रीचा दिवस करून गावोगाव हिंडा, एका घटकेचाही उशीर नको. नाहीतर शत्रू जी माणसं धरून नेईल, त्यांचं पाप तुमच्या माथी! शेतं राखायला मागं राहतील त्यांनीही डोंगरातल्या आसऱ्याला राहावं आणि शत्रू दुरून दिसताच वाट चुकवून पळावं.

ऑक्टोबर म्हणजे भात कापणीला आलेलं. घरातल्या बाईनं काय उचललं असेल हो? कडेवर मूल, डोक्यावर धान्याचं गाठोडं. जातं थोडंच नेता येणार! दुभत्या गाईचं काय करायचं? घाटाची वळणं उतरताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं.

पत्रात कुठल्याही घळीचं नाव नाही. पण अवघड जागा म्हणजे काय, ते शिवथरला कळतं. चहूकडून डोंगर, गर्द झाडी, कड्याच्या पोटात गारेगार पोकळी आणि शेजारीच धबधबा. आत बोललेलं बाहेर ऐकू येत नाही. ही समर्थांची घळ असल्याचं धुळ्याच्या शंकरराव देवांनी शोधून काढलं, तेही १९३० साली. इतकी वर्षं ती आडबाजूलाच राहिली, यातच सारं आलं.

पावसाळ्यात धबधबा पाहण्यासारखा असतो खरा, पण दरडींमुळे वरंधा घाट बंद ठेवतात. चौकशी करूनच निघा. पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा सासूबाईंना नेणार असाल तर दिवाळीनंतरच जा. तोवर खोऱ्यात भातही पिकलेलं असतं.