लष्करी टपालाची वर्दी

संग्रहाचा नाद माणसास कोणत्या वस्तूचा लागेल, याचा नेम नाही. कोणी नाणी जमवितात, कोणी अडकित्ते. आम्ही दोघे बंधू गेली कित्येक वर्षे लष्करी टपालसेवेतील लोकांचे युद्धकाळचे कोट, टोप्या, पट्टे आणि बिल्ले जमवीत आलो आहोत. बेळगावात मराठा पलटणीचे केंद्र असल्याने फौजी पोशाखाची येथे कोणास अपूर्वाई नाही. तरीही, ‘टपालवाल्यांची कसली आली आहे वर्दी?’ हा प्रश्न आम्हांस हमखास ऐकावा लागतो.

वस्तुतः हिंदी फौजेबरोबर टपालकचेरी जाण्याची प्रथा फार जुनी. १८५६ साली इराणमधील बुशहरच्या मोहिमेबरोबर ती गेली होती. १९०० साली चीनमध्ये गेलेल्या आणि १९१४ पासून परमुलखांत लढणाऱ्या फौजांसाठी तर तिकिटांवर निराळी अक्षरे छापण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात या कचेऱ्या केवळ क्रमांकाने ओळखल्या जात; ठिकाण गुप्त असे. मुलगा इजिप्तमध्ये आहे की इटलीत, हे बापास पत्रावरील शिक्क्यावरून उमगत नसे. पत्र आले, एवढाच दिलासा.

ही कचेरी चालविणारे लोक बहुतांशी टपालखात्यातलेच. काल खिडकीशी बसून मनीऑर्डरी घेणारा कारकून आज लष्करी हुद्दा व खाकी कपडे घेऊन समुद्रापार निघे. आमचे वडील त्यांतलेच एक. युद्ध संपल्यावर ते पुन्हा खिडकीशी बसले. त्यांचा लोकरी कोट पुढे आठ पावसाळे कचेरीत जाता-येता त्यांच्या अंगावर होता. तो विरल्यावर आईने त्याचे तुकडे वाकळीत घातले. आम्ही भावंडे त्या वाकळीखाली निजलो. सेनापतींचे डगले काचेच्या कपाटांत जपले जातात. कारकुनाचा कोट संसारात विरून जातो. आमच्या संग्रहाचे मूळ या जाणिवेत आहे.

या वस्तूंची पारख करणे जिकिरीचे असते. बिल्ल्यावर मुकुट असेल, तर तो १९५० पूर्वीचा. त्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. स्वातंत्र्यानंतर ही टपालसेवा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये मोडत असे. तिचे स्वतंत्र दल झाले ते १ मार्च १९७२ रोजी. त्याचे केंद्र नागपूरजवळ कामठीस आहे. याचा अर्थ असा की, १९७१ च्या युद्धात पत्रांच्या थैल्या वाहणाऱ्या जवानाचा गणवेश रसद वाहणाऱ्या जवानाच्या गणवेशाहून सहसा ओळखू येत नाही. तो टपालवाला होता, हे सांगणार कोण? खिशातला एखादा कागद, नाहीतर घरचे माणूस.

म्हणूनच एका व्यापाऱ्याचे बोलणे आमच्या जिव्हारी लागले. ‘कोट कोण घेतो? बिल्ले आणि बटणे उतरवून द्या, रोख मोजतो,’ असे तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरेही होते. परंतु कोटावरून काढलेला बिल्ला म्हणजे पत्ता नसलेले पाकीट!

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात असाच एक कोट आम्हांस मिळाला. १९७१ साली तो अंगावर घालणारे गृहस्थ केव्हाच निवर्तले होते. कॉलरीच्या आत त्यांचे नाव लाल दोऱ्याने टाचलेले होते. त्यांच्या वृद्ध पत्नीने तो पेटीतून काढला, मांडीवर पसरला आणि त्या म्हणाल्या, ‘साऱ्या पलटणीची पत्रं वाटणारा माणूस, आमच्या दारात मात्र महिन्याला एक कार्ड यायचं. माझ्यामागं सुना हा बोहारणीला देतील. तुम्ही न्या बाबांनो, पण एवढं नाव उसवू नका.’ मोबदला द्यावयास आम्ही हात पुढे केला, तो त्यांनी बाजूस सारला.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला आहे. कोणतीही वस्तू सुटी करावयाची नाही; ती कोणाची, कोणी दिली, देताना काय सांगितले, हे कार्डावर लिहून तिच्यासोबतच ठेवावयाचे. आमची मुले दूरदेशी आहेत. आमच्या पश्चात हा संग्रह एखाद्या वस्तुसंग्रहालयाकडे जावा, अशी इच्छा आहे. मात्र कार्डे आणि कोट यांची ताटातूट होणार नसेल तरच. ही अट घातल्यामुळे दोन ठिकाणची बोलणी फिसकटली. आम्ही थांबावयास तयार आहोत.

वाचकांस एकच विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी पेटी निघाली आणि तीत आजोबांचा खाकी कोट सापडला, तर बोहारणीला हाक मारण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून त्याच कोटाच्या खिशात ठेवा. कापड कसरीपासून वाचविता येते. सांगणारे माणूस गेले की त्याची हकीकत मात्र परत मिळत नाही.