पत्ता शहराचा, घरपट्टी खोऱ्याची

टपालाच्या पत्त्यात हॅरिसनबर्ग लिहायचं आणि घराचा, मोटारीचा कर मात्र रॉकिंगहॅम काउंटीकडे भरायचा, या प्रकाराने इथे, अमेरिकेतल्या शेनांडोआ खोऱ्यात, नव्याने आलेली मराठी मंडळी हमखास गोंधळतात. हिवाळ्याच्या तोंडावर कराची बिलं आली की विचारणा सुरू होते. त्या विचारण्यात चौकशीपेक्षा काळजी जास्त असते, आणि मला खटकते ती ही काळजी. शहराचा कर लागत नाही म्हणजे आपण शहरात नाही, आणि शहरात नाही म्हणजे काहीतरी कमी पडलं, असं गृहीत धरूनच माणसं बोलतात. पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणेही डोंगरांचं तोंडभर कौतुक करतात आणि पुढच्याच वाक्यात ‘जवळचं मोठं शहर किती लांब?’ असं विचारतात. खोऱ्यातलं राहणं चांगलं की वाईट हे शहराच्या अंतरावर ठरत नाही, त्या खोऱ्याच्या हातात स्वतःची तिजोरी आहे की नाही यावर ठरतं, असं माझं मत आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडे पाहिल्यावर ते अधिकच पक्कं होतं.

आधी इथली व्यवस्था सांगतो. व्हर्जिनिया राज्यात ९५ काउंट्या आहेत आणि ३८ शहरं अशी आहेत की ती कोणत्याच काउंटीत मोडत नाहीत. हॅरिसनबर्ग १९१६ पासून त्यांपैकी एक. शहराला चारही बाजूंनी रॉकिंगहॅम काउंटीचा वेढा आहे, काउंटीचं न्यायालय शहराच्या भर चौकात उभं आहे, तरी कायद्याने दोघांचा संसार वेगळा. भावाभावांची वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण विहीर सामाईक राहिली आणि तिच्यावर पाळ्या लागल्या, तसा हा प्रकार. शेरीफ दोघांचा एक, सरकारी वकील एक, तुरुंग एक, आपत्कालीन फोन घेणारं केंद्र एक. शाळा मात्र वेगळ्या, अंदाजपत्रक वेगळं, कराचा दर वेगळा. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५२ हजारांच्या आसपास होती आणि काउंटीची ८४ हजारांच्या आसपास. आकड्यांत काउंटी मोठी, पण थोरलं कोण हे ठरवण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आता अकोले. त्याच्या जवळच्या संगमनेर शहराची वस्ती २०११ ला ६५ हजारांच्या घरात होती, म्हणजे हॅरिसनबर्गच्याच मापाचं गाव. संगमनेरहून पश्चिमेला निघालं की वीस-बावीस किलोमीटरवर अकोले, तिथून पुढे राजूर, मग भंडारदरा, रतनवाडी, घाटघर. एका बाजूला कळसूबाईची रांग, दुसरीकडे हरिश्चंद्रगड, मधून प्रवरा आणि पलीकडून मुळा. उंचीचं म्हणाल तर आमचं कळसूबाई ५,४०० फूट, आणि शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातलं सर्वांत उंच हॉक्सबिल शिखर ४,०५१ फूट. इथे पूर्वेला ब्लू रिज, पश्चिमेला ॲलेघेनी आणि दोहोंच्या मधोमध मॅसनटन डोंगराची लांबलचक भिंत. इथे टर्की आणि कोंबड्यांच्या लांब शेड, दुधाचे गोठे, डेटन गावाच्या बाजूला घोडागाड्यांतून जाणारे जुन्या वळणाचे मेनोनाइट शेतकरी. तिकडे डांगाणात, म्हणजे अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, डांगी जनावरं आणि राजूरचा बाजार. दोन्हीकडे जमीन उताराची, शेतं तुकड्यांची, आणि सुट्टी लागली की शहरातल्या गाड्यांची रांग. इथे ती ऑक्टोबरात पानांचे रंग पाहायला येते, तिथे मे-जूनमध्ये काजवे पाहायला. ही तुलना मी पुन्हा पुन्हा करतो, कारण दोन खोरी इतकी सारखी असूनही त्यांच्या नशिबात इतका फरक का, हा प्रश्न मला सोडत नाही.

फरकाचं मूळ पाण्यात दिसतं. हॅरिसनबर्ग शहराचं पाणी काउंटीच्या डोंगरातून, ड्राय रिव्हर आणि नॉर्थ रिव्हरमधून येतं. नळ शहरात, उगम खोऱ्यात. भंडारदऱ्याची गोष्ट हीच, फक्त कितीतरी मोठ्या मापाची. १९१० मध्ये काम सुरू झालेलं हे धरण १९२६ मध्ये पुरं झालं, साठा सुमारे ११ टीएमसी. ते पाणी संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापाशी कालव्यांना लागलं आणि खाली बेलापूर, श्रीरामपूर, राहुरीचा सगळा पट्टा उसाने हिरवा झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच पट्ट्यात, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण पाणी चढावर जात नाही. धरणाच्या वरच्या गावांना कालवा नाही, आणि धो-धो पावसाच्या घाटघर-रतनवाडी भागात उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट असते. पुढे निळवंडे धरण आलं. कल्पना १९७० ची, डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ ला, खर्च ५,१७७ कोटी, लाभात सात तालुक्यांतली १८२ गावं. दुष्काळी गावांना पन्नास वर्षं ताटकळावं लागलं, त्यांचा हक्क निर्विवाद आहे. मात्र या शंभर वर्षांत पाणी देणाऱ्या खोऱ्याच्या नावावर त्या पाण्यापोटी काय जमा झालं, असा हिशेब मांडायचा म्हटलं तर वही कोरी आहे. भंडारदऱ्याची वीज झाली, घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प झाला, आणि वीजही खालीच गेली.

रॉकिंगहॅमला स्वतःची वही आहे. पाच विभागांतून निवडलेले पाच पर्यवेक्षक दरवर्षी कराचा दर जाहीर सभेत ठरवतात. त्या पैशाचा मोठा वाटा शाळांवर जातो, उरलेला अग्निशमन, पोलीस, कचरा यांवर. शेतजमिनीचा वापर बदलायचा असेल तर सुनावणी होते आणि शेजारच्या शेतकऱ्याला उठून बोलता येतं, बोलणं इतिवृत्तात येतं. सगळंच काउंटीच्या अंगावर आहे असंही नाही. काउंटीतले रस्ते १९३२ पासून राज्य सरकार सांभाळतं, त्यामुळे बर्फ पडल्यावर आडरानातला रस्ताही राज्याचं यंत्रच मोकळा करतं. आधार वरून, निर्णय खालून, ही सांगड मला पटते. २०१० मध्ये इथलं मोठं रुग्णालय शहरातून उठून काउंटीच्या हद्दीत नव्या इमारतीत आलं. रुग्णालय शहरातच हवं असं कोणी म्हटलं नाही. अकोल्यात गंभीर आजारी माणसाची गाडी संगमनेर, नाहीतर नाशिक-पुण्याकडेच धावते. तालुक्याला तहसील आहे, पंचायत समिती आहे, पण कराचा दर ठरवायचा आणि तो कुठे लावायचा हे स्वतः सांगायचा अधिकार नाही. तालुका म्हणजे वरून आलेली कामं वाटून देण्याची पायरी.

काउंटीत घर घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी इथे थोडं व्यवहाराचं सांगणं भाग आहे, कारण ते कोणी नीट सांगत नाही. शहराबाहेर नळाची आणि ड्रेनेजची लाइन बहुधा नसते. बोअरवेल तुमची, सेप्टिक टाकी तुमची. हे खोरं चुनखडीच्या दगडाचं आहे. त्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी मातीतून गाळून न येता सरळ खाली उतरतं, आणि आसपास कोंबडीखत पडलेलं असतं. त्यामुळे सौदा करण्याआधी पाण्यात जिवाणू आणि नायट्रेट किती हे प्रयोगशाळेतून तपासून घ्या, घरात तान्हं मूल असेल तर नायट्रेटकडे विशेष लक्ष द्या. राज्याच्या कृषी विस्तार सेवेतर्फे घरगुती पाणी तपासणीची शिबिरं होतात, तिथे कमी खर्चात काम होतं. पाणी स्वच्छ दिसतं, चवीला गोड आहे, यावर जाऊ नका. विहिरीचं तोंड जमिनीपासून वर उचललेलं आणि झाकण घट्ट बसलेलं असावं. टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. शोषखड्ड्याच्या जागेवर मोटार उभी करू नये, झाडं लावू नयेत. जमिनीत कुठे बशीसारखा खळगा पडलेला दिसला तर तिथे माती लोटून मोकळं होण्याआधी जाणकाराला दाखवा, कारण खाली पोकळी असू शकते. ही सगळी कटकट वाटेल. पण ज्याला स्वतःचं पाणी तपासावं लागतं, तो नदीच्या वरच्या अंगाला काय चाललंय याचीही चौकशी करू लागतो, आणि काउंटीच्या सभेला लोक जातात ते बरंचसं याच चौकशीपायी.

आक्षेप उघड आहे आणि तो हलका नाही. स्थानिक हातात सत्ता दिली की स्थानिक दांडग्यांचंच फावतं. याच व्हर्जिनियात, काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकत्र शिकू नये म्हणून, प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ पासून १९६४ पर्यंत सरकारी शाळांना टाळंच लावलं, आणि ते उघडायला सर्वोच्च न्यायालय लागलं. काळ्या मुलांची कित्येक वर्षं शाळेविना गेली, आणि हे करणारी मंडळी लोकांनी निवडलेलीच होती. दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. शेनांडोआ उद्यान १९३५ मध्ये झालं तेव्हा राज्याने ब्लू रिजवरच्या शेकडो कुटुंबांच्या जमिनी सक्तीने घेतल्या, काउंट्या असूनही ते थांबलं नाही. म्हणजे स्वतःची तिजोरी ही न्यायाची हमी नव्हे. हे मी मान्य करतो. वर कायद्याचं छत हवंच, आणि अकोल्याच्या महादेव कोळी, ठाकर वाड्यांना तर ते अधिकच हवं, कारण आदिवासींची जमीन आजवर टिकली ती वरच्या कायद्यांच्या बळावर. पण छत आहे म्हणून खाली जमीन नको, असं कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा की अकोल्यासारख्या गरीब तालुक्याने कर लावायचा कोणावर? डोंगरातल्या कुटुंबावर कराचा बोजा टाकावा असं मी म्हणतच नाही. पैसा कुठून येऊ शकतो याची वाट महाराष्ट्रानेच एकदा दाखवली आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट आणि अबंध मिळतो, कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. रक्कम लहान असेल, पण निर्णयाची दिशा बरोबर आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या खोऱ्यात अक्कल आणि चिकाटी नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. धरणाच्या प्रत्येक टीएमसीमागे एक ठरावीक रक्कम खोऱ्यातल्या ग्रामसभांच्या खात्यात दरवर्षी पडावी. ऊस, कारखाने आणि औद्योगिक वसाहती पाणीपट्टी भरतातच, तिचाच एक भाग वर वळवायचा. खालच्याचं पाणी थेंबभरही कमी होत नाही.

नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. घाटघरच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दीडशे किलोमीटरहून जास्त पडतात. विभाजनाची मागणी जुनी आहे, २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं तरी ती तशीच आहे, आणि तिच्यावरचं भांडणही तेच: मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला. मुख्यालय संगमनेरला आलं तर अकोल्याचा प्रवास नक्की वाचेल, आणि मी त्याच बाजूचा आहे. पण जिल्हा नवा झाला तरी कालव्याच्या पाण्याचं आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीतच ठरणार आहे. तेव्हा विभाजनाच्या मागणीसोबत आणखी एक मागणी अकोल्याने आजच लिहून द्यावी: त्या समितीत धरणाच्या वरच्या गावांना मताधिकारासह जागा, आणि सुटणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक आवर्तनामागे त्यांच्या ग्रामसभांच्या खात्यात ठरलेली रक्कम.