माशाच्या आधी जिवाणू

चमकणारे जिवाणू पाण्यातलं विष ओळखतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. सांडपाण्याच्या तपासणीत माझा भरवसा फक्त माशावर. आपला नियमही तेच सांगतो: प्रक्रिया केलेलं सांडपाणी पातळ न करता टाकीत घ्या, मासे सोडा, ९६ तासांनी मोजा, शंभरातले नव्वद जगले पाहिजेत. माशाला कल्ले आहेत, यकृत आहे, मज्जासंस्था आहे. एका पेशीचा जिवाणू त्याच्यापुढे काय सांगणार?

माझं मत बदललं ते माशांची कणव येऊन नाही, हे सांगून टाकलेलं बरं. बदललं ते घड्याळाकडे बघून. चार दिवसांनी मासे उलटे तरंगताना दिसायचे, तोवर ते पाणी नाल्यातून खाडीला मिळालेलं असायचं. असा निकाल फाइलला लावण्यापलीकडे कशाच्या कामाचा?

ॲलिव्हिब्रिओ फिशेरी हा समुद्रातला जिवाणू. गोठवून वाळवलेली त्याची पूड छोट्या कुपीत येते. पाणी घातलं की पेशी जाग्या होतात आणि अंधाऱ्या खोलीत निळसर-हिरवा उजेड देऊ लागतात. हा उजेड पेशीच्या ऊर्जेच्या व्यवहारातूनच येतो. विषाने तो व्यवहार बिघडला की उजेड उतरतो. १५ अंश तापमान, दोन टक्के मीठ, आधी उजेड मोजायचा, मग नमुना घालायचा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचा. शेजारी बिनविषारी पाण्याची नळी तुलनेला असतेच. आयएसओ ११३४८ या मानकात ही सगळी पद्धत बांधून दिली आहे.

मला खरं पटलं ते त्या आकड्यांमुळे. मासा मेला की मेला. जिवाणू मात्र उजेड वीस टक्के उतरला की सत्तर, हे सांगतो. त्यामुळे एकाच दिवसात प्रक्रियेच्या प्रत्येक टाकीचं पाणी तपासून नेमकं कुठे बिनसलंय ते शोधता येतं. प्रत्येक टाकीसाठी मासे मारत बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

जुन्या शंका सगळ्याच फिटलेल्या नाहीत. अमोनियाने मासे पटापट मरतात, हा जिवाणू त्याला फारशी दाद देत नाही. मज्जासंस्थेवर घाला घालणारी कीटकनाशकं त्याला कशी कळणार? त्याला मज्जासंस्थाच नाही. रंगाच्या कारखान्याचं गडद पाणी स्वतःच उजेड शोषून घेतं, म्हणजे आकडा फसवा. म्हणून जिवाणूने ‘ठीक’ म्हटलं तरी मी तिथे थांबत नाही.

पण तो ‘वाईट’ म्हणाला तर? जर्मनीने सांडपाण्यासाठी जिवंत माशांऐवजी २००५ पासून झेब्रा माशाची अंडी वापरायला घेतली. आपल्या नियमात अजून मासाच आहे, आणि तो आजच काढून टाका असं मी म्हणत नाही. मात्र ज्या पाण्यात अर्ध्या तासात उजेड निम्म्याखाली येतो, त्यात पुन्हा मासे सोडून चार दिवस थांबण्यात कसलं शास्त्र आहे, ते आता मला कुणीतरी पटवून द्यावं.