यंत्रातील घरघर

विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुका काढण्यात आमचे अर्धेअधिक आयुष्य गेले. तथापि चूक दिसणे निराळे आणि तिचे मूळ सापडणे निराळे, हा धडा आम्हांस घरातील एका जुन्या ध्वनियंत्राने दिला.

1963 साली युरोपात निघालेली चिमुकली कॅसेट आमच्या पांढुर्ण्यात घरोघरी पोहोचेपर्यंत ऐंशीचे दशक उजाडले होते. तोवर 1948 साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र हेच आम्हां सीमेवरच्या मराठी माणसांचे कान. 1988 साली एका पहाटे आमच्या मातुःश्री जात्यावर ओव्या म्हणत असताना आम्ही हळूच टेपरेकॉर्डर सुरू केला होता. मागल्या वर्षी त्या निवर्तल्या. वर्षश्राद्धाला सौंसरची धाकटी भगिनी येणार, तेव्हा तिला आईचा आवाज ऐकवावा, असे मनात आले. 2023 साली नवा जिल्हा झाल्यापासून पांढुर्णा-सौंसर एकाच जिल्ह्यात आले खरे. पण माहेर आईबरोबरच दूर जाते.

माळ्यावरचा अँप्लिफायर, कॅसेट डेक व स्पीकरच्या दोन पेट्या खाली काढल्या. एक पेटी मुकी होती. दोन्ही पेट्यांच्या तारांची अदलाबदल केली, तेव्हा मुकेपणही दुसऱ्या पेटीत गेले; म्हणजे पेटी निर्दोष, दोष मागे. पाहतो तो अँप्लिफायरमागील जोड गंजलेला! तो घासून पुसला. आवाजाचे बटण खरखरत होते. यंत्र बंद ठेवून ते वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविले, तशी आतील धूळ सुटली. डेकचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसताच झाकोळलेले शब्द उजळले.

राहिली ती घरघर. कॅसेट थांबविली तरी ती चालूच. अर्थात ती कॅसेटमधील नव्हती, यंत्रात वीजच गुणगुणत होती. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. ती ध्वनीच्या तारेत शिरली की असाच जाड, एकसुरी स्वर उमटतो. ओळखीच्या एका कारागिराने दोन्ही प्लगांतील अर्थिंगच्या तारा काढून टाकल्या आणि काय नवल, घरघर थांबली! आम्ही त्याला चहा पाजून निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी भगिनी आली. ओल्या हातानेच तिने अँप्लिफायरवरचे फडके उचलले आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. "दादा, याला करंट आहे!" टेस्टर लावला, तर दिवा लागला. आमच्या अंगावर काटा आला. प्लगचा जाड, लांब काटा उगाच लांब नसतो. इतरांच्या आधी त्याचा जमिनीशी संबंध जुळावा आणि पेट्यात उतरलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता त्या वाटेने जावी, यासाठी तो असतो. गुणगुण नको म्हणून आम्ही घरातला पहारेकरीच काढून टाकला होता. दोष कारागिराला काय द्यावा? होकार आमचाच होता.

अर्थिंगच्या तारा पुन्हा जोडल्या आणि मग शांतपणे विचार केला. अँप्लिफायरचा प्लग एका भिंतीवर, डेकचा दुसऱ्या भिंतीवर. जमिनीकडे जाणाऱ्या वाटा दोन, आणि त्यांना सांधणारी ध्वनीची नाजूक तार मध्ये. हे कडे पूर्ण झाले की त्यातून वीज खेळू लागते व तीच गुणगुणते. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले, ध्वनीच्या तारा विजेच्या तारांपासून दूर सारल्या. कॅसेट न लावता बटण वाढवून पाहिले. निःशब्द शांतता!

मोठ्या आनंदाने कॅसेट लावली. मातुःश्रींचा स्वर उमटला आणि त्यामागे पुन्हा घरघर! आमचा धीर सुटला. जाड स्वर कमी करण्याचे बटण फिरवावे म्हणून हात पुढे केला, तोच स्वयंपाकघरातून भगिनी धावत आली.

"दादा, ते बटण फिरवू नको. ते आईचं जातं आहे."

आम्ही कान दिला. विजेची गुणगुण एकसारखी असते. ही घरघर मात्र खुंट्याबरोबर चढत होती, उतरत होती, आणि मूठभर दाणे पडले की क्षणभर जड होत होती. ओवीचा ताल तिनेच धरला होता. दोष समजून आम्ही जे पुसावयास निघालो होतो, त्यावरच तर आईचे गाणे उभे होते!

बटण आम्ही पुन्हा कधी फिरविले नाही. प्लगांचा तिसरा काटा मात्र आता दर महिन्यास तपासून पाहतो.