पत्ते वाटणाऱ्याचे गणित

प्रवासी जहाजाच्या कॅसिनोत पत्ते वाटून मी पोट भरले, असे सांगितले की आमच्या वसईकडची वडीलधारी मंडळी क्षणभर अबोल होतात. चर्चच्या सणाला हाऊजीचे आकडे उत्साहाने खोडणारेही त्यांत असतात! तरीही त्यांचा संकोच मला कळतो. ब्लॅकजॅक निर्दोष खेळणाऱ्यालाही डावावर लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी अर्ध्याच्या आसपास सोडावे लागते, आणि निर्दोष खेळणारे मी फार थोडे पाहिले. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून, गेलेले पत्ते लक्षात ठेवल्यास हा तोटा उलटवता येतो असे दाखवले. तो विषय निराळा. मला सांगायचे आहे ते स्पर्धेविषयी.

स्पर्धेत खेळ तोच, पण प्रतिस्पर्धी बदलतो. प्रवेशशुल्क भरले की प्रत्येकाला सारख्याच चिप्स मिळतात. त्यांचे रोख मोल शून्य. ठरावीक डाव संपल्यावर मेजावर ज्याच्यापुढे सर्वांत मोठी रास, तो पुढच्या फेरीत जातो. म्हणजे वाटणाऱ्याला हरवणे हे साध्य उरत नाही. शेजाऱ्यापेक्षा एक चिप अधिक असली की झाले. जॉन फर्ग्युसन यांनी स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. २००४ साली अमेरिकेत अशी स्पर्धा दूरचित्रवाणीवरही झळकली.

आरंभीच्या डावांत जाणते खेळाडू थोडे लावतात आणि उतावळ्यांना आपापल्या हाताने बाद होऊ देतात. मात्र शेवट जवळ येताच मागे पडलेल्याने चिमूटचिमूट लावून काही साधत नाही, कारण प्रत्येक डाव थोडा थोडा घास घेतोच. मोठी उडी एकदाच, आणि तीही अखेरच्या डावापर्यंत न थांबता, घेणे शहाणपणाचे.

खरी मौज अखेरच्या डावात, आणि तिथे सारे काही कोण आधी लावतो यावर. वाटणाऱ्याचा हात सर्वांना समान असतो. तो सुमारे २८ टक्के वेळा एकवीस ओलांडून फुटतो तेव्हा मेजावरचे उरलेले सगळे जिंकतात; त्याला वीस आले की बहुतेक सगळे हरतात. म्हणून आघाडीवरचा जर नंतर लावणारा असेल, तर त्याने मागच्याची केवळ नक्कल करावी. दोघे जिंकले तरी तो पुढे, दोघे हरले तरी तोच पुढे. मागच्याने मात्र नक्कल कधीच करू नये.

हे मला एका वृद्ध अमेरिकन बाईंमुळे नीट कळले. सामान्य मेजावर त्या तीन रात्री सतत हरत होत्या. चौथ्या दिवशी स्पर्धेत उपांत्य फेरीचा शेवटचा डाव आला तेव्हा त्यांच्यापुढे १,००० चिप्स होत्या, शेजारच्या गृहस्थापुढे १,२००. कमाल मर्यादा ५००. गृहस्थाने आधी, ऐटीत, पूर्ण ५०० लावले. मागे उभे असलेले ओरडू लागले, ‘‘पाचशे! पाचशे!’’ बाईंनी माझ्याकडे पाहिले.

वाटणाऱ्याने सल्ला देणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. आणि घरी तेव्हा थोरल्या मुलीच्या शिक्षणाचे हप्ते चालू होते. सल्ला माझ्या ओठांवर होता हे खरे. पण बाईंनी सल्ला मागितलाच नाही. ‘‘यांच्या हातात न लावलेल्या किती?’’ एवढेच त्यांनी विचारले. चिप्स मोजून सांगणे नियमात बसत होते. ‘‘सातशे,’’ मी म्हणालो.

त्यांनी २५० पुढे सरकवल्या. मागून हशा पिकला.

गृहस्थाला अठरा आले, तो थांबला. माझा उघडा पत्ता दहाचा. बाईंकडे तेरा होते. त्यांनी आणखी एक मागितला आणि दश्शी आली. तेवीस. लोक हळहळले, मी त्यांच्या २५० चिप्स उचलल्या. मग माझा झाकलेला पत्ता उलटला. तोही दहाचा. वीस! गृहस्थाच्या ५०० गेल्या, त्याच्यापुढे ७०० उरल्या. बाईंपुढे ७५०. डाव हरून त्या फेरी जिंकल्या होत्या, आणि हे हसणाऱ्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत त्या लवकरच बाद झाल्या. उठताना मेजावर किंचित वाकून त्यांनी हळूच विचारले, ‘‘काल तुम्हांला ठाऊक होते ना?’’

फेरी अजून संपलेली नव्हती. मी पत्ते पिसत राहिलो.