इंडसवाल्या फोनची वकिली

गूगलनं दिलं ते शुद्ध, कंपनीनं त्यावर हात फिरवला की बाटलं. स्टॉक अँड्रॉइडच्या भक्तांचं सोवळं असं कडक. 2015 साली वर्ध्यात मी मायक्रोमॅक्सचा युनाइट 3 घेतला, तेव्हा भाच्यानं लगेच नाक मुरडलं. "मामा, हा कायले घेतला? याच्यात खरा अँड्रॉइड नाई." खरंच, निव्वळ अँड्रॉइड नव्हताच तो. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडवर बेतलेली एक प्रणाली त्यात होती. आधी तिचं नाव फर्स्टटच, पुढे इंडस.

त्याआधी काय होतं, आठवून पाहा. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून वर्ध्यात. पवनारच्या विनोबांनी साऱ्या भारतीय भाषांसाठी नागरी लिपीचा आग्रह धरला. आणि याच जिल्ह्यात आम्ही फोनवरच्या मेसेजमध्ये हिंगणघाटच्या कापसाचा भाव रोमन लिपीत विचारायचो. भाव की भाऊ, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं.

या फोनमध्ये 'क' दाबला की का, कि, की, कु, कू समोर हजर. मात्रा शोधत बसायला नको. इंग्रजीत आलेल्या मेसेजवरून बोट सरकवलं की मराठी मजकूर. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे ॲप बझार. तिथून ॲप घ्यायला ईमेल लागत नसे. भाच्याला मी एवढंच म्हणायचो, "तुह्या शुद्ध फोनवर आधी तुह्या आजीले ॲप घेऊन दाखव, मंग बोल."

त्याचीही बाजू होती. कंपन्यांच्या अशा आवृत्त्यांना अपडेट उशिरा मिळतात, कधी मिळतच नाहीत. शिवाय 2014 च्या लॉलीपॉपपासून मूळ अँड्रॉइडमध्येही मराठी आली होती. आज तर फोनपुढे मराठीत बोललं की तो लिहून देतो. अनुस्वार चुकतो अधूनमधून, पण काम भागतं. त्या बाबतीत आजचा फोन सरस आहे, यात वाद नाही.

पण प्ले स्टोअर उघडायला आजही गूगलचं खातं लागतंच. कितीतरी म्हाताऱ्यांचं ते मोबाइलच्या दुकानातला पोरगा उघडून देतो, आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहतो. इंडसवाल्यांची कंपनी पुढे फोनपेनं घेतली आणि 2024 च्या फेब्रुवारीत इंडस ॲपस्टोअर आणलं. त्यात मराठी आहे, आणि ईमेलऐवजी मोबाइल नंबर चालतो. म्हणजे माझी वकिली अगदीच वाया गेली नाही.

कंपनीची आवृत्ती चांगली की वाईट, हा वाद पोरं खुशाल घालोत. तुम्ही आज घरी गेल्यावर आईच्या फोनचा पासवर्ड कुणाला माहीत आहे, तेवढं मात्र विचारा.